पेट्रोलचा बेडफर्ड, डिझेलचं इंजिन आणि स्वॉन्सीचे कागद

ट्रक ताब्यात घेतला तेव्हा कागदोपत्री तो अस्तित्वातच नव्हता. १९५० साली इंग्लंडातल्या लिंकनशरमध्ये नोंदवलेला बेडफर्ड ओ-टाइप, पाच टनी, सगळं आयुष्य बटाटे आणि कोबी वाहण्यात गेलेलं. १९६२ नंतर त्याचा रस्ता कर कुणी भरला नाही आणि वाहननोंदणीच्या संगणकात तो कधी चढलाच नाही. त्यात कंपनीने दिलेलं पेट्रोल इंजिन जाऊन तिथे पर्किन्सचं पी-६ हे डिझेल इंजिन बसलेलं. आज तो रस्त्यावर आहे, आपल्या मूळच्या नंबरासकट. मधल्या दीड वर्षात काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते. मी शोधत होते तेव्हा हे सगळं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. मराठीत तर सोडाच.

मी पीटरबरोला राहते, म्हणजे पर्किन्सच्याच गावात. फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली इथे डिझेल इंजिनांचा कारखाना काढला आणि १९३७ मध्ये पी-६ आणलं. आमचे अप्पा, म्हणजे आईचे वडील, एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती बेडफर्डच. घरात हे नाव इतकं रुळलेलं होतं की बेडफर्ड ही इंग्लंडातल्या ल्यूटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीची गाडी, हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. अप्पांच्या गप्पांत लढाईनंतर लिलावात निघालेले डिस्पोजलचे ट्रक असायचे, त्यांत बसवलेली पर्किन्सची इंजिनं असायची. पुढे मद्रासच्या सिम्पसनने पर्किन्सची इंजिनं भारतातच बनवायला घेतली. म्हणजे ओढ होतीच. निमित्त मात्र शेजाऱ्यांचं.

शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, पण मराठीत लिहिताना बोट अडतं, म्हणून इथे आजोबाच म्हणते. १९५३ साली, सोळाव्या वर्षी, ते स्पाल्डिंगजवळच्या एका वाहतूकदाराच्या गॅरेजात उमेदवारीला लागले. पहिल्या काही वर्षांचं त्यांचं निम्मं काम एकच होतं: बेडफर्डमधलं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि पी-६ चढवायचं. शनिवारी दुपारी गाडी आत घ्यायची, सोमवारी संध्याकाळी ती माल भरायला उभी पाहिजे.

मालकाचा हिशेब सरळ होता. बेडफर्डचं मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, ३,५१९ सीसीचं, चालायला मऊ. पण भरल्या गाडीला गॅलनमागे दहा मैलांच्या वर काही देत नसे, असं आजोबा सांगतात. त्याच गाडीत ४.७ लिटरचं पी-६ घातलं की सोळा-सतरा. स्पाल्डिंगचा भाजीपाला रात्रीतून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात पोचवायचा, पहाटे गाडी रिकामी करायची आणि उलट फिरायचं. रोज असं पळणाऱ्या गाडीत इंजिनाचे पैसे लवकर सुटायचे. पर्किन्स त्यासाठी तयार संचच विकत असे. जुन्या पेट्रोल गाडीच्या नाकावर चार वर्तुळांचा पर्किन्सचा बिल्ला दिसला की ओळखायचं, आत डिझेल आहे.

मग सरळ मोठा डिझेल ट्रकच का नाही घ्यायचा, असं मी विचारलं. त्याचं उत्तर कायद्यात होतं. रिकामं वजन तीन टनांच्या वर असलेल्या मालट्रकला तेव्हा ताशी २० मैलांची मर्यादा होती. ती ३० झाली १९५७ मध्ये. तीन टनांच्या आतल्याला आधीपासून ३०. फोडेन, ॲटकिन्सनसारखे गार्डनर इंजिनाचे ट्रक दणकट खरे, पण कायद्याने विसानेच रांगायचे. पी-६ चढवूनही बेडफर्ड तीन टनांच्या आत राही. फक्त हौद लाकडी आणि फाळके हलके ठेवायचे. कोबीला तेवढं पुरे.

काम वाटतं तितकं सोपं नसे. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतून, ब्रेकला जोर देणाऱ्या सर्वोला व्हॅक्यूम फुकट मिळतो, डिझेलमध्ये तो पुरेसा नसतो. म्हणून इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, त्याला इकडे एक्झॉस्टर म्हणतात. तो न बसवता किंवा बंद पडलेला तसाच ठेवून गाडी बाहेर काढली तर ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. शिवाय डिझेल इंजिन मिनिटाला फेऱ्या कमी घेतं. मागचा एक्सल तोच राहिला तर गाडी चढावर खूश, सपाटीवर लवकर दमलेली. कॅबमध्ये आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी हातवारे करूनच बोलायचं. आणि तेल गळणार, हे धरूनच चालायचं. (आवाजाच्या बाबतीत आजोबांचा खरा जीव कॉमरच्या टीएस-३ वर. तीन सिलिंडर, एकेकात समोरासमोर दोन पिस्टन, टू-स्ट्रोक डिझेल. त्याची नक्कल ते तोंडाने करतात, ती लिहून दाखवता येणार नाही.)

तर ऑक्टोबर २०२२. होल्बीचच्या बाजूला एका शेतावरची जुनी अवजारं विकायला निघाली आहेत असं कळलं, म्हणून आम्ही दोघं सहज गेलो. शेडच्या मागच्या टोकाला, खतांच्या रिकाम्या गोण्यांखाली हा उभा. जाळीवर बिल्ला होता. आजोबांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, पी-६. मागितले ३,५०० पाउंड, ठरले २,८००. त्यातले निम्मे पैसे माझ्या मते लोखंडाचे नव्हते, लॉगबुकाचे, म्हणजे जुन्या नोंदणीपुस्तकाचे होते. शेतकऱ्याच्या मुलीने ते टेबलाच्या खणातून काढून दिलं. अशी गाडी बघायला गेलात तर पहिला प्रश्न लॉगबुकाचा विचारा. ते नसेल तर मूळ नंबर परत मिळणं फार अवघड, आणि मग त्या काळाला शोभेलसा दुसरा नंबर घेऊन समाधान मानावं लागतं.

हे लॉगबुक म्हणजे पिवळट, जाड कागदाची घडी. बाहेर हॉलंड काउंटी कौन्सिलचा शिक्का. हा हॉलंड लिंकनशरचा आग्नेय भाग, आणि त्याची खूण म्हणजे नंबरातली ‘डीओ’ ही अक्षरं. आत शाईने लिहिलेला चॅसी नंबर, इंजिन नंबर, रिकामं वजन, रंग हिरवा. पण इंजिन नंबरावर पट्टी ठेवून मारल्यासारखी एक सरळ रेघ, शेजारी दुसऱ्या हस्ताक्षरात नवा नंबर, इंधनाच्या जागी ‘पेट्रोल’ खोडून ‘हेवी ऑइल’ (म्हणजे डिझेल), आणि त्यावर थोडा तिरका पडलेला जांभळा शिक्का, मार्च १९५५ चा. कुणा कारकुनाने दोन मिनिटांत उरकलेलं काम. माझं पुढचं सगळं प्रकरण त्या शिक्क्यावर उभं राहिलं.

नोव्हेंबरात लो-लोडरवरून, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बुटक्या गाडीवरून, ट्रक घरामागच्या भाड्याच्या शेडमध्ये आणला. ३६० पाउंड. चाकं जाम होती, त्यामुळे विंच असलेलीच गाडी मागवावी लागली. हे आधी सांगा, नाहीतर ऐनवेळी दर वाढतो.

मग कागद. इथली वाहननोंदणी पूर्वी काउंटीच्या कार्यालयात, हाताने लिहिलेल्या वह्यांत होत असे. पुढे ती वेल्समधल्या स्वॉन्सीला, डीव्हीएलए या सरकारी वाहननोंदणी कार्यालयाच्या संगणकावर गेली. १९८३ पर्यंत ज्यांनी नोंद हलवून घेतली नाही त्यांच्या गाड्या बाहेर राहिल्या. अशा गाड्यांना मूळ नंबर परत देण्याची योजना आहे, तिच्या अर्जाचं नाव व्ही ७६५. सोबत व्ही ५५/५ हा नोंदणीचा अर्ज, अस्सल लॉगबुक, गाडीचे फोटो, आणि डीव्हीएलएने मान्य केलेल्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या क्लबची शिफारस. क्लबचा माणूस गाडी पाहतो आणि चॅसी नंबर पडताळतो. मान्य क्लबांची यादी डीव्हीएलएच प्रसिद्ध करते. असा परत मिळालेला नंबर पुढे दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही, त्यामुळे तो विकून पैसे करण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

पहिल्या क्लबमध्ये फोन केला. तिकडच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी ते डिझेल काढा, मूळचं पेट्रोल इंजिन शोधून बसवा, मग या. नाहीतर गाडी ‘बदललेली’ ठरेल आणि ऐतिहासिक वर्गात बसणार नाही. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. पेट्रोल इंजिन मिळालं असतं, हजार-बाराशे पाउंडांत. पण १९५० ते १९५५ अशी पाच वर्षं पेट्रोलवर आणि पुढची सात डिझेलवर चाललेल्या गाडीचं खरं रूप कुठलं? शोरूममधून बाहेर पडली तेव्हाचं, की कष्ट केले तेव्हाचं? आजोबांनी तर चहाचा कपच खाली ठेवला. अर्ध्या लिंकनशरचे बेडफर्ड असेच होते, म्हणाले.

म्हणून नियम मुळातून वाचायला बसले. दोन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात. एक, गाडीची ओळख टिकते का. त्यासाठी तेव्हा गुणांची पद्धत होती: चॅसीला ५, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला १. मूळचे भाग मोजून ८ गुण भरले, आणि त्यांत चॅसीचे आले, की ओळख शाबूत. माझ्याकडे इंजिनाचा एक सोडून सगळे होते, म्हणजे १३. दुसरी गोष्ट, चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक चाचणीतून मिळणारी सूट ‘मोठ्या बदलांमुळे’ जाते का. त्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की त्या प्रकारची गाडी उत्पादनात असताना किंवा उत्पादन थांबल्यापासून दहा वर्षांत होत असलेले बदल मोठे धरायचे नाहीत. ओ-टाइप बंद झाला १९५३ ला. माझा शिक्का १९५५ चा. वर दोन्ही इंजिनं सहा सिलिंडरचीच. त्या रात्री झोपले.

खरं तर माझ्या ट्रकला त्या दुसऱ्या सुटीची गरजही नव्हती. १ जानेवारी १९६० पूर्वीचा मालट्रक रिकामा चालवला तर त्याला मालट्रकांची वार्षिक चाचणी लागत नाही. तसं व्ही ११२ जी या फॉर्मवर लिहून द्यायचं. परवान्याचंही तसंच. माझा इथला परवाना साध्या मोटारीचा, साडेतीन टनांपर्यंतचा. (भारतातला परवाना इथे रहिवासी झाल्यावर बाराच महिने चालतो, पुढे परीक्षा द्यावी लागते, ती मी कधीच दिली होती.) पण १९६० पूर्वीचा ट्रक, रिकामा आणि मागे भरलेला ट्रेलर न ओढता, एकवीस वर्षांवरच्या माणसाला मोटारीच्या परवान्यावर चालवता येतो, परवाना दोन वर्षं जुना असेल तर. ‘रिकामा’ हा शब्द मात्र डोक्यात कोरून ठेवा. शेजाऱ्याचा सोफा हलवून देतो म्हणालात की सगळी सूट गेली.

दुसऱ्या क्लबने फेब्रुवारी २०२३ मध्ये माणूस पाठवला. पन्नास पाउंड आणि पेट्रोलखर्च. वायर ब्रशने चॅसीवरचा गंज काढून नंबर उघडा करून ठेवा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या. तपासणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तो खूशही होतो. सगळे कागद एप्रिलमध्ये स्वॉन्सीला गेले, नोंदणीकृत टपालाने. त्याआधी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढली. एकमेव अस्सल कागद पाकिटात घालताना हात जड होतो.

वाट बघायच्या दिवसांत गाडीचं काम चाललं. एक्झॉस्टर जाम होता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात १२० पाउंडांत दुसरा मिळाला. इंधन फवारणारी नोजल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे दिली, २४० पाउंड. ब्रेकचे सिलिंडर नव्याने स्लीव्ह केले. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती घासू किंवा हवेने झाडू नका. ओली करून, मास्क लावून काढा आणि कौन्सिलच्या सांगण्याप्रमाणे टाका. सगळ्यांत मोठा फटका टायरांचा: सहा टायर, सगळे मिळून १,४०० च्या घरात. साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर २०२१ पासून चालत नाहीत. हौसेने ठेवलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यातून सूट आहे, पण साठ वर्षांत भेगाळलेल्या रबरावर जीव टांगून मला फिरायचं नव्हतं.

इंजिन चालू केलं जुलैच्या एका शनिवारी. आजोबा खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या हातांना आता कंप आहे, म्हणून पाना माझ्या हातात आणि सूचना त्यांच्या. आधी इंधनाच्या नळ्यांतली हवा काढायची. टाकीपासून सुरुवात, फिल्टरवरचा स्क्रू सैल, फेस येतोय, येऊ दे, आता नुसतं डिझेल, आवळ. मग पंप. मग एकेका नोजलचं नट. “घाई करू नकोस, हवा असली तर तीच सांगेल.” पी-६ थंडीत सुरू व्हायला कुरकुरतं, म्हणून कॅबमध्ये एक छोटा हातपंप असतो, तो मारून इनलेटच्या हीटरवर डिझेल सोडायचं. जुलै असूनही मारला. सेल्फ दिला. पांढरा धूर, दोन सिलिंडर, परत शांत. पुन्हा सेल्फ. चार लागले, मग सहाही, आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. आजोबांनी हाताने खूण केली, फेऱ्या कमी कर. मग खुर्ची पुढे ओढून, कान तिरका करून बराच वेळ ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, टायमिंग चेन ढिली आहे. ती होतीच. ते काम हिवाळ्यात केलं.

दरम्यान जूनच्या शेवटी स्वॉन्सीहून इंजिनाबद्दल विचारणा आली होती. अर्जात डिझेल, लॉगबुकात मुळात पेट्रोल, तर पुरावा पाठवा. रास्त प्रश्न. उत्तरात तीन गोष्टी पाठवल्या: शिक्क्याच्या पानाची प्रत, ब्लॉकवर कोरलेल्या नंबराचा फोटो, आणि एका गॅरेजचं लेटरहेडवरचं पत्र, ज्यात इंजिनाचा प्रकार, नंबर, सीसी आणि इंधन सगळं एका वाक्यात होतं. कुणी नुकतंच इंजिन बदललं असेल तर खरेदीची पावतीही चालते. पत्राचे गॅरेजवाल्याने तीस पाउंड घेतले. सप्टेंबरात व्ही ५ सी, म्हणजे नवं नोंदणीपत्र आलं. मूळ नंबर, ऐतिहासिक वर्ग, कर शून्य, इंधन हेवी ऑइल. लॉगबुकही सुखरूप परत आलं.

नंतरचं भराभर झालं. काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरांचा नंबर, व्ही ५ सी आणि ओळखपत्र दाखवून, ४५ पाउंड. विमा वर्षाला १६० च्या आसपास. विमा घेताना इंजिन बदललेलं आहे हे स्पष्ट सांगा आणि गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घ्या. चाचणीची सक्ती नसली तरी मी ट्रकवाल्यांच्या केंद्रात पैसे भरून ब्रेक रोलरवर तपासून घेतले. डाव्या मागच्या चाकाला निम्माच ब्रेक लागत होता. घरी कितीही वेळा पाय मारून पाहिलं असतं तरी ते कळलं नसतं.

रंगाला हात लावलेला नाही. गाडीखेरीज एकूण खर्च ४,००० च्या जरा आत गेला, माझी मजुरी न धरता. एप्रिल २०२४ मध्ये स्पाल्डिंगपर्यंत जाऊन आलो. गिअर टाकताना डबल क्लच, स्टिअरिंगला दोन्ही खांदे, मागे मोटारींची रांग. आजोबा शेजारी बसून हातवारे करत होते, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. वेग पस्तीसच्या पुढे गेला नाही. खाली तेलाचा ट्रे कायम ठेवावा लागतो.

हे फोटो गावाकडे पाठवल्यापासून दोघा-तिघांनी विचारलंय की आमच्या वाड्यातला जुना फार्गो किंवा डॉज ट्रक असा नोंदवता येईल का. भारतात २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण ते दुचाक्या आणि खासगी चारचाकी गाड्यांसाठी आहेत, मालट्रक त्यांत बसत नाही. इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची मान्यता आणि आरसी बुकावर नोंद लागते. तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी आरसी बुक आणि टॉर्च घेऊन शेडमध्ये जा, ब्लॉकवरचा नंबर पुसून वाचा आणि दोन्ही जुळतात का ते बघा.